आजीच्या लेखी निळे लुगडे काळे: रंगांना नावे कशी पडतात?

बालाघाट

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीतल्या एका साध्या प्रसंगामुळे हा धागा काढतो आहे. आजीसाठी अंबाजोगाईच्या बाजारातून इरकली लुगडे आणले. रंग गडद निळा, काठ तांबडा. तिने घडी उलगडली, पदरावरून हात फिरवला आणि विचारले, "सणाला काळं कामून आणलंस रं?" मी म्हणालो, आजी, हे निळे आहे. तिने लुगडे पुन्हा डोळ्यांजवळ धरले आणि शांतपणे सांगितले, "निळं म्हंजी धोतराला नीळ दिल्यावर येतं ते. हे काळंच हाय."

आजीचे वय ८६ आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन तिला उत्तम दिसते आणि सुईत दोरा ती अजून स्वतः ओवते, तेव्हा हा प्रश्न नजरेचा नाही. त्यानंतर मी तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ लागलो. आभाळाला ती कधीच निळे म्हणत नाही. तिचे आभाळ भरून आलेले असते, उघडलेले असते, काळे असते, नाहीतर कोरडे असते. पावसाची वाट पाहण्यात जिचा जन्म गेला तिला आभाळाचा रंग सांगायचा असतो तो त्यातल्या पाण्यासाठी. उलट जनावरांच्या अंगावरच्या रंगांना मात्र तिच्याकडे इतकी नावे आहेत की त्यांतली निम्मी मला कळत नाहीत.

प्राचीन ग्रीक कवी होमरच्या महाकाव्यांत समुद्र आणि आकाश यांना निळे म्हटलेले नाही, हे वाचून होतो. तेव्हा ती गोष्ट लांबची वाटली होती, आता ती आमच्या ओसरीवर आली आहे. एखाद्या रंगाला शब्द नसेल तर तो माणसाला वेगळा दिसतो का? आणि आपल्या मराठवाड्याच्या बोलण्यात रंगांची नावे कुठून आली असावीत? जाणकारांनी लिहावे.

प्रश्नचिन्ह

प्राचीन माणसाला निळा रंग दिसतच नव्हता, असे सांगणारी एक चित्रफीत मी पाहिली आहे. नामिबियातील हिंबा जमातीच्या लोकांना हिरव्या चौकोनांमधला एक निळा चौकोन वेगळा ओळखता येत नाही, असे त्यात दाखवले होते. ग्रीक, वेदकालीन आर्य आणि तुमच्या आजी यांच्या बाबतीतही तेच घडत असावे.

दुधना

प्रश्नचिन्ह, ही समजूत फार पसरली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

याची सुरुवात विल्यम ग्लॅडस्टन यांच्यापासून होते. पुढे चार वेळा इंग्लंडचे पंतप्रधान झालेल्या या गृहस्थांनी १८५८ साली होमरवर तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात रंगांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. होमरचा समुद्र मद्यासारखा, लोखंड आणि मेंढ्यांची लोकर जांभळ्या फुलांसारखी, मध हिरवा आणि हेक्टर या योद्ध्याचे केस ज्या शब्दाने वर्णिले आहेत तो पुढे निळ्यासाठी रूढ झालेला, असे सगळे दाखले त्यांनी काढले. काळ्या-पांढऱ्याचे उल्लेख विपुल आणि बाकीच्या रंगांचे तुरळक, हेही त्यांनी नोंदवले. त्यावरून त्या काळच्या ग्रीकांची रंगदृष्टी पुरती विकसित झालेली नव्हती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८६७ साली लाझारस गायगर या जर्मन पंडितांनी फ्रँकफर्टच्या व्याख्यानात हा धागा आणखी लांब नेला. वैदिक सूक्तांत आकाशाचे इतके वर्णन असूनही त्याचे निळेपण येत नाही, हे त्यांनी दाखवून दिले, आणि रंगांची नावे जगभर एका ठरावीक क्रमाने येतात, त्यांत निळा सर्वांत शेवटी येतो, असे मांडले.

निरीक्षणे मोलाची होती, पण निष्कर्ष चुकला. माणसाच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात आणि आपल्याकडच्या माकडांनाही त्या तीनच आहेत. होमरनंतरच्या सुमारे पावणेतीन हजार वर्षांत डोळा बदलला, असे मानण्याला काही आधार नाही. शिवाय होमरच्याही कितीतरी आधी इजिप्तमध्ये वाळू, चुना आणि तांबे एकत्र भाजून निळा रंग बनवला जात होता, आणि अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला निळा दगड, ज्याला फारसीत लाजवर्द म्हणतात, तो हजारो कोसांवरून तिथे नेला जात होता. न दिसणाऱ्या रंगासाठी कोणी एवढी पायपीट करत नाही.

हिंबा लोकांवरचे संशोधन खरे आहे, पण त्या चित्रफितीतले दृश्य कार्यक्रमासाठी रचलेले होते. त्यांच्या भाषेत 'बुरू' हा शब्द हिरव्या आणि निळ्या या दोन्हींना चालतो, इतकेच खरे. दिसणे आणि नाव देणे या दोन गोष्टी आपण वेगळ्या ठेवायला हव्यात.

मन्याड

दुधना यांच्या शेवटच्या वाक्यावरून सुचले. बालाघाट, तुम्ही आजींना "हा रंग कोणता" असे विचारू नका. त्यांच्यासमोर काळ्या आणि गडद निळ्या चिंध्या एकत्र टाका आणि निवडायला सांगा. त्या काय वेगळे काढतात ते पाहा आणि इथे कळवा.

तेरणा

माझे पणजोबा रंगारी होते आणि नीळ हेच आमच्या घराण्याचे काम होते. मराठवाड्यातल्या अनेक जुन्या गावांत रंगार गल्ली आहे, छत्रपती संभाजीनगरातही आहे. तिथे आता रंगाचा थेंब दिसत नाही, पण नाव टिकले आहे. पणजोबांचे काम मी पाहिलेले नाही. माझ्या वडिलांनी लहानपणी जे पाहिले ते त्यांच्याकडून अनेकदा ऐकले आहे आणि पुढे एका कार्यशाळेत स्वतः करूनही पाहिले आहे.

नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या रांजणात ती चुना आणि टाकळ्याच्या बियांचा काढा घालून आंबवावी लागते. रांजण 'आला' की नाही हे वासावरून आणि वर धरलेल्या तांबूस-निळ्या सायीवरून कळते. त्या सायीखालचे पाणी निळे नसते, पिवळसर हिरवे असते. पांढरे कापड त्यात बुचकळून बाहेर काढले की तेही पिवळसर हिरवेच निघते, आणि मग हातात धरल्याधरल्या, वारा लागताच, कडेकडून ते निळे होऊ लागते. घडीत दडलेला भाग तेवढा हिरवा राहतो, घडी मोडली की तोही पालटतो. एकदा बुडवले तर फिके आभाळ, चार वेळा बुडवले तर खरा निळा, आणि बुडवत-वाळवत गेले की शेवटी जे कापड हाती येते त्याला आमच्याकडे काळेच म्हणत. काळ्या चंद्रकळेसाठी आधी नीळ देऊन मग दुसरा रंग चढवत, असे वडील सांगत.

संस्कृत कोशात 'नील' या शब्दाचे अर्थ काळा, निळा, गर्द हिरवा असे पसरलेले दिसतात आणि अभ्यासकांना ते गोंधळाचे वाटते. रांजणाजवळ बसलेल्या माणसाला त्यात गोंधळ वाटला नसता. त्याच्या लेखी ते एकाच वस्तूचे टप्पे आहेत. बालाघाट यांच्या आजींनी धोतराच्या निळीला निळे आणि गडद लुगड्याला काळे म्हटले, ते आमच्या पणजोबांनी मान्य केले असते.

हाच शब्द पुढे फारसीत आणि अरबीत गेला, पोर्तुगिजांनी तो 'अनील' करून युरोपात नेला आणि 'ॲनिलिन' या रसायनाचे नाव त्यावरून पडले. १८९७ साली जर्मनीत कृत्रिम नीळ विक्रीला आली आणि आमच्यासारख्या घरांचे रांजण एकेक करून बुजले.

लेणीवाट

तेरणा यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्याला जोडून अजिंठ्याविषयी लिहितो.

लेणे क्रमांक ९ आणि १० यांतली सर्वांत जुनी चित्रे सातवाहन काळातली आहेत. त्यांत गेरूचा तांबडा, पिवळी माती, काजळी, पांढरा आणि मातीचाच हिरवा, अशी रंगसंगती दिसते. हा हिरवा आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या खनिजापासून करत. म्हणजे चित्रकाराने पायाखालचे रंग उचलून भिंतीवर लावले. पाचव्या शतकातल्या चित्रांत, लेणे १, २, १६ आणि १७ मध्ये, खराखुरा निळा अवतरतो, आणि तो आहे दुधना यांनी सांगितलेला लाजवर्द. बदख्शानहून अजिंठ्याच्या वाघूर नदीच्या काठापर्यंत आलेला. लेणे १ मध्ये टॉर्चच्या मंद प्रकाशात थोडा वेळ उभे राहिले की तांबूस अंधारातून आधी दागिने आणि मग हा निळा हळूहळू वर येतो. पहिल्या क्षणी तो दिसतच नाही.

अजिंठ्याच्या चित्रकारांना आभाळ रोज दिसत होते, पण भिंतीवर लावता येईल असा निळा हातात यायला व्यापारी वाट लागली. नावांचेही असेच होत असावे, असे मला वाटते.

कंधारी

आजींच्या जनावरांच्या रंगांकडे कोणी वळले नाही, म्हणून मी लिहितो. आमच्या घरी तीन पिढ्या बैल आहेत.

मराठवाड्याच्या दोन गोवंशांपैकी एकाचे नावच रंगावरून आहे, लाल कंधारी. दुसरा देवणी. त्यात अंगभर पांढरा तो बालंक्या, अंग पांढरे आणि तोंडावर काळेपणा तो वानेरा, पांढऱ्यावर काळे ठिपके तो शेवरा. हाळी हंडरगुळीच्या बाजारात नुसते "पांढरा बैल" म्हणाल तर समोरचा माणूस पुढच्या शब्दाची वाट पाहत थांबतो. याशिवाय ढवळा, पवळा, कोसा, मोरा, बांडा, खैरा हे शब्द आहेत. माळेगावच्या यात्रेत घोड्यांच्या दावणीला गेलात तर अबलख, कुमैत, पंचकल्याणी ही वेगळीच यादी ऐकू येते, आणि ती बरीचशी घोड्यांबरोबर फारसी-अरबीतून आलेली आहे. यांतला कोणताही शब्द आपण सदऱ्याला किंवा भिंतीला वापरत नाही.

"ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला" ही म्हण सर्वांना ठाऊक आहे, पण तिच्यातला 'वाण' म्हणजे वर्ण, म्हणजेच रंग, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. धवल असलेल्या ढवळ्याशेजारी पोवळ्यासारखा तांबूस पवळ्या बांधला, त्याचा रंग काही पालटला नाही, गुण मात्र पालटले. ही सारी म्हण रंगावर उभी आहे.

आता होमर. ज्या 'मद्यासारख्या दिसणाऱ्या' शब्दाने त्याने समुद्र वर्णिला, त्याच शब्दाने त्याने नांगराचे बैलही वर्णिले आहेत. पंडितांना समुद्राचे कोडे पडते, मला बैलाकडून ते सोपे वाटते. पोळ्याच्या दिवशी ओढ्यात धुऊन बाहेर काढलेला कंधारी गोऱ्हा पाहा. कोरडा असताना तो तांबडा असतो, पण भिजल्यावर पाठीवर काळपट-जांभळी झाक येते आणि उन्हात ती हलते. त्या एका शब्दात रंगापेक्षा ही ओली, हलती, गडद चकाकी असावी, असे माझे मत आहे. सायंकाळच्या समुद्रालाही ती लागू पडेल.

दुधना

कंधारी, बैलांची आठवण नेमक्या वेळी दिलीत. अनेक अभ्यासकांचेही मत असेच आहे की जुन्या भाषांतले रंगशब्द छटेपेक्षा चकाकी, ओलेपणा, गडदपणा आणि ताजेपणा सांगतात. ग्रीकांचा 'ख्लोरोस' हा शब्द मधाला, कोवळ्या फांदीला आणि भीतीने फिकट पडलेल्या माणसालाही चालतो.

देगलूरकर

ताजेपणाचा मुद्दा निघाला म्हणून सीमेवरचा अनुभव सांगतो. आमच्या देगलूरच्या बाजारात निम्मे गिऱ्हाईक तेलुगू बोलते. तेलुगूत 'पच्च' हा शब्द हिरव्यालाही आहे आणि पिवळ्यालाही आहे. नेमकेपणाने हिरवे सांगायचे असेल तेव्हा 'आकुपच्च' म्हणजे पानाचा पच्च म्हणतात आणि पिवळ्यासाठी हळदीचे नाव 'पसुपु' वापरतात. वडिलांच्या कापडाच्या दुकानात मी लहानपणी बसत असे. एका वृद्ध बाईंनी 'पच्च' खण मागितला. मी हिरवा काढला, त्यांनी मान हलवली, मी पिवळा काढला, तो त्यांनी घेतला. त्यांना दोन्ही रंग स्पष्ट वेगळे दिसत होते, नाहीतर पहिला परत का केला असता?

उमरग्याकडच्या मित्राने सांगितले की कन्नडमध्ये 'हसि' म्हणजे कच्चे, ओले आणि 'हसिरु' म्हणजे हिरवे. म्हणजे तिथेही हिरवा हा आधी रंग नसून ओलेपणाच आहे. आपणही पिकलेल्या केळांशेजारच्या कच्च्या फण्यांना 'हिरव्या' म्हणतोच.

निवृत्त गुरुजी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षे विज्ञान शिकवले. 'तानापिहिनिपाजा' पाठ करून घेताना दरवर्षी एक तरी मुलगा 'पा'पाशी अडत असे. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. परभणी जिल्ह्यातल्या एका वाडीवर चौथीच्या मुलाने उभे राहून विचारले, "गुरुजी, पारवा तर राखी असतो, तो इंद्रधनुष्यात कसा?" मी त्याला वर्गाबाहेर नेले. देवळाच्या माळवदावर पारवे बसलेले होते. अंग राखाडी, पंखांवर दोन काळे पट्टे, आणि मान उन्हात वळली की हिरवी, पुन्हा वळली की जांभळी. मुलगा म्हणाला, "मानेचा रंग आसंल मग." मला त्याहून चांगले उत्तर आजही सुचलेले नाही.

खरी गोष्ट मला नंतर वाचनातून कळली. न्यूटनने सुरुवातीला पाचच रंग मानले होते. पुढे त्याने नारिंगी आणि नीळ हे दोन वाढवले, कारण रंगांचे पट्टे संगीताच्या सात स्वरांशी जुळावेत अशी त्याची धारणा होती. १७०४ साली त्याचा प्रकाशावरील ग्रंथ आला आणि सात हा आकडा जगभरच्या पाठ्यपुस्तकांत बसला. इंद्रधनुष्यात रेघा आखलेल्या नसतात, त्या आपण शब्दांनी आखतो. आपल्याकडे भाषांतर करताना त्या सहाव्या घरासाठी शब्द कमी पडला आणि पारव्याला बोलवावे लागले. तेव्हा बालाघाट यांच्या आजी एकट्या नाहीत. निळ्या आणि जांभळ्या यांच्यामध्ये आम्ही शिकवणारेही गडबडलेलो आहोत.

प्रश्नचिन्ह

दुधना, देगलूरकर, माझे म्हणणे मागे घेतो. खण परत करणाऱ्या बाईंचे उदाहरण मला पटले. पण मग गायगर म्हणतात तो क्रम सर्वत्र का दिसतो? आणि शब्दांचा पाहण्यावर काहीच परिणाम होत नाही का?

सिंदफणा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

१९६९ साली ब्रेंट बर्लिन आणि पॉल के या दोन अमेरिकी संशोधकांनी ९८ भाषांची माहिती गोळा करून सांगितले की मूलभूत रंगशब्दांचा साधारण क्रम असतो. दोनच शब्द असतील तर काळा आणि पांढरा, तिसरा आला तर तो लाल, मग हिरवा आणि पिवळा आगेमागे, मग निळा, आणि त्यानंतर तपकिरी, जांभळा, गुलाबी, नारिंगी, करडा. मूलभूत कशाला म्हणायचे याच्या त्यांच्या कसोट्या होत्या. शब्द एखाद्या वस्तूच्या नावावरून ताजा घेतलेला नसावा आणि तो एकाच प्रकारच्या वस्तूंपुरता नसावा. कंधारी यांचे कोसा, बांडा, अबलख दुसऱ्या कसोटीवर बाद होतात, आणि जांभूळ, गुलाब, तपकीर, राख यांवरून आलेली आपली नावे पहिलीवर. या सिद्धान्तावर पुढे बरीच टीका झाली, त्यात दुरुस्त्या झाल्या, पण ढोबळ क्रम टिकून आहे. लाल एवढा पुढे का, तर रक्त, पिकलेले फळ, विस्तव. निळी वस्तू हातात येण्याचे प्रसंग निसर्गात फार थोडे. आभाळ आणि पाणी उचलून वेगळे ठेवता येत नाही.

या क्रमाची मराठीत एक घरगुती खूण मला सापडली आहे आणि ती इथे तपासून घ्यावीशी वाटते. आपल्याकडे रंगाला जोर देणारे जोडशब्द आहेत. काळाकुट्ट, काळाभोर. पांढराशुभ्र, पांढराफटक. लालभडक, लालबुंद, लालचुटुक. पिवळाधमक, पिवळाजर्द. हिरवागार. निळाशार. आता गुलाबी, जांभळा, तपकिरी, नारिंगी, करडा यांना असा स्वतःचा जोडीदार शोधून पाहा. मला मिळाला नाही. 'गर्द' आणि 'गडद' सगळ्यांनाच चालतात, म्हणून ते मोजलेले नाहीत. ज्यांना जोडीदार आहे ते बरोबर सहा रंग आहेत आणि ते बर्लिन-के यांचे पहिले सहा आहेत. काळा, पांढरा आणि लाल यांना जास्त जोडीदार, निळ्याला कमी. म्हणजे भाषेत जो जितका जुना, तितका त्याचा गोतावळा मोठा. शिवाय हे जोडीदार नुसता जोर देत नाहीत. पांढराशुभ्र सदरा असतो, पांढराफटक चेहरा असतो. लालचुटुक ओठ असतात, लालबुंद डोळे असतात. माझी आई ढगाला कधी काळाभोर म्हणत असे आणि कधी काळाकुट्ट, आणि त्यावरून आम्हाला वाळवण आत घ्यायचे की नाही ते कळत असे.

धूपछाव

सिंदफणाताई, जांभळाजर्द असे मी पैठणला विणकरांच्या तोंडून ऐकले आहे.

सिंदफणा

आभारी आहे, मग माझ्या नियमाला एक भोक पडले. मात्र 'जर्द' हा शब्द फारसीतला आहे आणि तिथे त्याचा अर्थच पिवळा आहे. पिवळाजर्द म्हणजे पिवळा-पिवळा. तो अर्थ विसरला गेला म्हणून जर्द जांभळ्याच्या पंक्तीलाही बसू शकला. आणखी एक मौज पाहा. फारसी जर्द आणि संस्कृत हरित एकाच मुळातून निघालेले आहेत. हळदीची हरिद्रा, सोन्याचे हिरण्य, फिकट पिवळट अंगाचे हरिण, इंद्राचे हरी घोडे आणि आपला हिरवा, सारे एकाच घराण्यातले. देगलूरकरांच्या 'पच्च'सारखाच हा शब्दही एके काळी पिवळ्या-हिरव्यावर पसरलेला होता.

लाल हाही पाहुणाच आहे. तो फारसीतून आला, तिथे लाल म्हणजे माणिक. आपला स्वतःचा शब्द तांबडा, तांब्यावरून आलेला. अजून खेड्यात पहाट 'तांबडं फुटतं' तेव्हाच होते, लाल फुटत नाही. मात्र तांबडी माती, तांबडा बैल असे मातीचे आणि जनावरांचे रंग तांबडे राहिले आणि बाजारातून आलेल्या साऱ्या वस्तू लाल झाल्या. सरकारी कागद आणि बाजार ज्या भाषेत चालले तिचा रंग वस्तूंवर चढला.

धूपछाव

पैठणीच्या रंगांविषयी थोडे. जुनी नावे पाहिली तर राघू म्हणजे पोपटी, क्षीरोदक म्हणजे शुभ्र, काळी चंद्रकळा म्हणजे तांबड्या काठाची काळी. इथे कापडाने रंगाचे नाव घेतले की रंगाने कापडाचे, हे सांगता येत नाही. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असेल तर जे वस्त्र तयार होते त्याला एक रंग नसतोच. पदर हलवला की तांबडे वर येते, सावरला की हिरवे. त्यासाठी आम्ही 'धूपछाव' म्हणतो. होमरची हलती चकाकी ज्यांना कोडे वाटते त्यांनी मागावर एक दुपार घालवावी.

खामकाठ

जपानी भाषेत 'आओ' हा शब्द निळ्याला आणि पूर्वी हिरव्यालाही होता, 'मिदोरी' हा हिरव्याचा शब्द नंतर रुळला. आजही तिथे रस्त्यावरच्या हिरव्या दिव्याला 'आओ'च म्हणतात. अखेर तिथल्या सरकारने नियमात बसेल इतका निळसर हिरवा दिवा निवडला. शब्दासाठी दिवा बदलला, हे मला फार आवडले.

दुधना

प्रश्नचिन्ह यांच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. परिणाम होतो, पण तो बारीक असतो. रशियन भाषेत गडद निळ्याला 'सीनी' आणि फिक्या निळ्याला 'गलुबोय' असे दोन अगदी वेगळे शब्द आहेत, आपल्या लाल आणि गुलाबीसारखे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन निळ्या छटा या सीमेच्या दोन बाजूंना असतील तर रशियन भाषकांनी त्या वेगळ्या असल्याचे किंचित लवकर ओळखले. इंग्रजी भाषकांत हा फरक आढळला नाही. पण त्याच वेळी मनात आकडे घोकायला लावले की रशियनांचा तो फायदा नाहीसा झाला. म्हणजे डोळा सर्वांचा सारखाच पाहत होता आणि मदतीला शब्द धावत होता.

न्यू गिनीतल्या बेरिन्मो भाषेत हिरव्या-निळ्यामध्ये सीमा नाही, मात्र 'नोल' आणि 'वोर' अशी एक सीमा आपल्या हिरव्या-पिवळ्याच्या पट्ट्यात भलत्याच ठिकाणी आहे. ती सीमा आपल्याला शिकावी लागते, त्यांना आपली शिकावी लागते.

कंधारी

आपल्याकडेही एक अशी सीमा आहे जी शहरातल्या मुलांना शिकवावी लागते. काळी आणि पांढरी. पिकते ती काळी, गाव वसते ती पांढरी. जुन्या गावठाणाची माती राख-चुन्याने खरोखर पांढुरकी असते, पण नवीन वस्ती काळ्या जमिनीवर झाली तरी तिलाही पांढरीच म्हणतात.

मन्याड

बालाघाट, चिंध्यांचे काय झाले?

बालाघाट

उशिराबद्दल क्षमस्व. गेल्या आठवड्यात गावी गेलो होतो.

मन्याड यांनी सांगितल्याप्रमाणे मुद्दाम प्रयोग करावाच लागला नाही. आजी वाकळ शिवायला बसली होती आणि जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांचा ढीग समोर होता. मी ओसरीवर तिच्या शेजारी बसून नुसते पाहत राहिलो. गडद निळ्या चिंध्या ती डावीकडे टाकत होती आणि काळ्या उजवीकडे. एकदाही चूक झाली नाही. संध्याकाळच्या उजेडात मला ज्या दोन तुकड्यांत फरक दिसेना, तेही तिने बोटांनी उलटून बरोबर वेगळे केले. मी विचारले, आजी, दोन्ही काळेच ना? ती म्हणाली, "दोन्ही एक कसं आसंल? हे काळं अन् ही काजळी." डावीकडचे, म्हणजे माझे निळे, ते तिचे काळे, आणि उजवीकडची खरी काळी ती काजळी. काजळीच्या चिंध्या तिने वाकळेच्या आतल्या थरात घातल्या आणि 'काळ्या'चा चौकोन मधोमध बसवला.

तेरणा यांचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला. रांजणाच्या भागाशी तिने थांबवले आणि सांगितले की तिच्या माहेरी केजला असे रांजण होते, लहान मुलांना त्यांच्या जवळ जाऊ देत नसत आणि रंगाऱ्याचे हात कोपरापर्यंत काळे असत. मी विचारले, काळे की निळे? ती थोडा वेळ विचार करत राहिली. "तवा काळेच म्हनत आसू," ती म्हणाली, "पर उनात निळे दिसायचे."

दिवाळीचे लुगडे तिने अजून नेसलेले नाही. ते संक्रांतीसाठी ठेवले आहे.